अजिंठ्याचा काळा फोटो

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो असा आहे, की त्यात काहीच दिसत नाही. चौकोनी, दोन-सव्वादोन इंचांचा आणि काळाकुट्ट. चारी कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोण लावून तो नीट बसवलेला आहे. काढून उलटा केला, तर मागे पेन्सिलीनं लिहिलेलं दिसतं – ‘डिसेंबर १९७६. अजिंठा. लेणे नं. १. पद्मपाणी.’ अक्षर माझ्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे नाना म्हणत.

२०१२ साली लग्न होऊन मी भुसावळला आले, तेव्हा नाना नव्हते. तीन वर्षांपूर्वीच गेले होते. सासूबाईंनी एका दुपारी गव्हातले खडे वेचून झाल्यावर तो अल्बम काढला. एकेक पान उलटत आम्ही त्या काळ्या चौकोनापाशी आलो. नवी नवरी असले तरी मला हसू आवरेना.

“आई, हा कशाला ठेवलाय? यात तर काहीच आलं नाही.”

“बारा फोटोंचे पैसे दिले होते,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून बाराही ठेवले.”

झालं! विषय तिथेच संपला. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, तो काळा फोटो तेव्हापासून माझ्या डोक्यातून काही गेला नाही. पद्मपाणी म्हणजे अजिंठ्याचं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र. शाळेच्या पुस्तकात असतं, कॅलेंडरवर असतं. बी.ए.ला माझा इतिहास होता, त्यामुळे मी ते अभ्यासलंही होतं. तो पद्मपाणी आमच्या घरी मात्र काळोखात उभा!

नाना रेल्वेत होते. महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी ‘आग्फा क्लिक थ्री’ हा कॅमेरा घेतला होता. हे नाव वाचून तुमच्यापैकी काहींच्या घरातले माळे आठवतील. बडोद्याला तयार होणारा हा साधा, काळा, डब्यासारखा कॅमेरा त्या काळी कितीतरी मध्यमवर्गीय घरांत होता. त्यात १२० नंबरचं रीळ घालायचं. एका रिळात फोटो बारा. पाठीमागे लाल काचेची छोटी खिडकी, तिच्यात आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे मुलाचं बारसं असो नाहीतर बहिणीचं लग्न, प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी दहादा विचार.

असा कॅमेरा उन्हात उत्तम चाले. अंधारात त्याचं काही चालत नसे. याचं कारण मी माझ्या मुलीला, सईला, नळाचं उदाहरण देऊन समजावलं. आमच्याकडे नळाला कधी पाणी धो-धो येतं, कधी करंगळीएवढी धार. धो-धो आलं तर बादली क्षणात भरते. करंगळीएवढ्या धारेखाली ती तेवढाच वेळ धरली, तर बुडाला चार थेंब. फोटोच्या फिल्मला उजेड हवा तो असाच. नानांच्या कॅमेऱ्याची झडप डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडायची आणि मिटायची. उन्हात तेवढा उजेड पुरे. लेण्यातल्या अंधारात फिल्मवर जवळजवळ काहीच पोचलं नाही. ती कोरी राहिली आणि कोऱ्या फिल्मवरून कागदावर छापलं की सगळं काळं येतं. स्टुडिओवाला म्हणाला असणार, की हा छापू नका. पण नानांनी बाराही छापून घेतले.

आता माझ्या छंदाबद्दल थोडं सांगते. मी सकाळी घरचं आवरून दुपारी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि मधल्या वेळात फोटो काढते. माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही. फोनच. वाळत घातलेल्या पापडांवर पडलेली जाळीची सावली, प्लॅटफॉर्मवर केळ्यांची टोपली उतरवणारी बाई, दवात भिजलेलं कपाशीचं बोंड, असले माझे विषय. आमचे हे थट्टा करतात, “दूध उतू गेलं तरी आधी फोटो काढशील.” एकदा तसं झालंही आहे!

पण या छंदानं मला एक चटकाही दिला. माझे वडील २०२० साली गेले. त्याआधीच्या दिवाळीत मी माहेरी होते. अण्णांनी अंगणात आकाशकंदील बांधला, नातीला मांडीवर घेऊन किल्ला केला, फराळाला बसून चिवड्यातले खोबऱ्याचे काप निवडून खाल्ले. त्या सगळ्याचे मी शंभरावर फोटो काढले होते. त्यांचा आवाजही होता. २०२१च्या पावसाळ्यात कपडे धुताना तो फोन कमरेच्या ओच्यातून निसटून भिजवणाच्या बादलीत पडला. दुकानदारानं उघडला, वाळवला, चार दिवस ठेवून घेतला आणि मान हलवली. दुसरीकडे कुठे प्रत ठेवलेली नव्हती. भावाला पाठवले होते, त्यानं मधल्या काळात फोन बदलला होता. शेवटी मावशीच्या फोनमध्ये दोन सापडले. शंभरातले दोन.

त्या दिवशी मी सासूबाईंचा अल्बम पुन्हा काढला. बारातले बारा, पंचेचाळीस वर्षं, एका लुगड्याच्या घडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पावसाळा संपला की अल्बम बाहेर यायचा, सावलीत वारा खायचा आणि पुन्हा आत जायचा. बटण नानांनी दाबलं होतं. फोटो ठेवले होते सासूबाईंनी. आणि मी? मी काढत गेले, ठेवायचं राहूनच गेलं.

तेव्हाच मनात आलं, की एकदा आईंना अजिंठ्याला न्यायचं. तो काळा चौकोन भरायचा.

पण संसारी बायकांचे बेत म्हणजे लोणच्याच्या बरण्या. मुरायला वेळ लागतो. आईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सईच्या परीक्षा झाल्या, आणि २०२५च्या जानेवारीत एकदाचा मुहूर्त लागला. (सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी पाहून घ्या बरं का! आमच्या शेजारणीनं सोमवारी जाऊन बंद फाटक पाहिलेलं आहे.) पहाटे दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि आदल्या दिवशीचं भरीत डब्यात भरलं. माझ्या पर्समध्ये फोन होता आणि आईंच्या मांडीवर नानांचा क्लिक थ्री. १२० चं रीळ अजूनही मिळतं; मी काळं-पांढरं एक टपालानं मागवलं होतं. बारा फोटो, एक रुपयाही वाया घालवायचा नाही अशी आईंची तंबी!

भुसावळहून जामनेर, पहूर करत फर्दापूरला गेलं की अजिंठ्याचा फाटा येतो. दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनच केळीचे मळे, पुढे डोंगराची निळी रेघ. लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी ह्याच डोंगरातून उतरून आमच्या बाजूनं तापीला मिळते. म्हणजे अजिंठा आणि आम्ही तसे एकाच पाण्याचे शेजारी. पण शेजार असला की जाणं होत नाही, तशातली गत.

वाटेत सईला मी एक गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगते, कारण आमच्या भुसावळातही ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं या दरीत आला आणि ही लेणी बाहेरच्या जगाच्या नजरेस आली. त्यानं दहा नंबरच्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. (वाईट खोड जुनीच आहे म्हणायची!) पुढे १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याला भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. गिलसाहेबांनी जवळजवळ वीस वर्षं या दरीत काढली. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला करायच्या आणि लंडनला पाठवायच्या. तिथे त्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या गेल्या. १८६६च्या डिसेंबरात त्या इमारतीच्या एका भागाला आग लागली आणि नकला जळाल्या. इतक्या वर्षांच्या कामातल्या मोजक्याच वाचल्या.

गिलसाहेब फोटोही काढत. त्यांनी काढलेल्या चौऱ्याहत्तर फोटोंचं एक पुस्तक १८६४ साली लंडनला निघालं होतं. छापील पुस्तक एका जागी राहत नाही, दहा ठिकाणी जातं. म्हणून ते आजही पाहायला मिळतं. १८७९ साली ते वारले आणि त्यांना पुरलं आमच्या भुसावळात.

“मग पुन्हा कुणी नकला केल्या नाहीत?” सईनं विचारलं.

केल्या ना! १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत राहिले. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावाजलेले चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होते. त्यांच्याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. दुसऱ्यांदा तेच!

“सगळ्या एकाच घरात कशाला ठेवल्या?” पुढच्या सीटवरून आई म्हणाल्या. “अर्ध्या इथे ठेवायच्या, अर्ध्या तिथे. दागिने तरी आपण एका डब्यात ठेवतो का?”

मी गप्प बसले. माझे शंभर फोटो एकाच डब्यात होते ना!

फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवावी लागते. तिथून तीन-चार किलोमीटर ठरलेल्या बसनं जायचं. खाली उतरलं की पायऱ्यांची चढण लागते. आईंचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही डोलीची चौकशी केली. “मी काय नवरी आहे?” म्हणून त्यांनी आधी नकार दिला. पण दहा पायऱ्या चढल्यावर स्वतःच बसल्या आणि वर पोचेपर्यंत डोलीवाल्यांच्या मुलाबाळांची चौकशी करून घेतली.

वर आलं की एकदम ती दरी दिसते. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कातळ, त्याच्या पोटात ओळीनं तीस लेणी, खाली वाघूर. जानेवारीत पाणी थोडं होतं, पण पावसाळ्यात इथे धबधबा कोसळतो. सईनं दहा मिनिटांत फोनवर चाळीस फोटो काढले. आईंनी कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीचं बटण उघडलं आणि पुन्हा लावलं. “घाई नाही,” म्हणाल्या.

एक नंबरचं लेणं सुरुवातीलाच आहे. बाहेर चपला काढायच्या. दाराशीच रखवालदार सांगतो, फ्लॅश मारायचा नाही. याचं कारण समजून घ्यायला हवं. ही चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. कातळावर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि काडीकचरा मिसळलेला, आपण भिंत लिंपतो तसाच. त्यावर पातळ पांढरा हात आणि मग रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी दूर अफगाणिस्तानाकडून येणारा लाजवर्दी दगड. उजेडानं रंग फिके होतात, हे आपल्याला पडद्यांवरून ठाऊक आहेच. खिडकीकडची बाजू विटते, आतली टिकते. हजारो माणसांचे हजारो फ्लॅश त्या दीड हजार वर्षांच्या रंगांवर कशाला? शिवाय आपल्या श्वासातला ओलावाही तिथे नकोसा असतो. म्हणून आत दिवेही अगदी मंद असतात.

बाहेरच्या उन्हातून आत गेलो आणि काहीच दिसेना. अगदी आमच्या अल्बममधल्या फोटोसारखं! मी सवयीनं फोन वर केला. फोनच्या पडद्यावर भिंत लगेच उजळली. पद्मपाणीचा मुकुट, खाली झुकलेले डोळे, हातातलं निळं कमळ.

“आई, हे बघा! दिसतंय की नाही?”

आईंनी माझा हात बाजूला केला. “थांब जरा. डोळे रुळू दे.”

त्या खांबाशी टेकून उभ्या राहिल्या. माणसं येत होती, फोन वर धरून, पडद्यात पाहून निघून जात होती. रखवालदार मधूनच “पुढे चला” म्हणत होता, पण आईंचे पांढरे केस पाहून त्यानं आम्हांला काही म्हटलं नाही. अंधारात आपल्या डोळ्यांना रुळायला चांगली दहा मिनिटं लागतात. गावी वीज गेल्यावर अंगणात बसलं की हळूहळू चांदण्या वाढत जातात, तसं. मीही फोन खाली केला. आधी भिंत दिसली. मग एक खांदा. मग वळलेली मान. मग गव्हाळ रंगाच्या त्या चेहऱ्यावरची मिटल्यासारखी नजर. काही वेळानं कमळही दिसलं.

आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “एवढा मोठा आहे होय हा!”

“म्हणजे? तुम्ही पाहिला होता ना?”

“नाही गं. तेव्हा पाहिलाच नाही. ह्यांच्या हातात कॅमेरा, माझ्या हातात पिशवी, फिरकीचा तांब्या आणि दोघांच्या चपला. बाहेर चोरीला जातील म्हणून. ‘आता अजिबात हलू नकोस, श्वास रोखून धर’ म्हणाले. मी ह्यांच्याकडेच बघत राहिले. बटण दाबलं आणि ‘चल, गाडीची वेळ झाली’ म्हणून बाहेर. म्हटलं, घरी फोटोत नीट बघू.”

आणि घरी आला तो काळा चौकोन!

मैत्रिणींनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी तो फोटो ठेवला. पैसे दिले होते म्हणून, हे खरंच असेल. पण जे पाहायचं राहून गेलं, त्याची ती एकच खूण त्यांच्याजवळ होती. आपण बायका सहलीला जातो तेव्हा किती वेळा असंच होतं! डबे, औषधं, स्वेटर, पोरांच्या चपला सांभाळता सांभाळता जागा पाहायची राहते, आणि मनाची समजूत घालतो, की फोटोत बघू. आता तर फोन आपल्याच हातात असतो, तरी आपण तेच करतो. समोर पद्मपाणी उभा असतो आणि आपण पडद्यात पाहतो.

आईंचं पाहून झाल्यावर मी फोटो काढला. त्याची रीत सांगते, घरातल्या मंद उजेडातही उपयोगी पडेल. फ्लॅश बंद करायचा. कोपरं पोटाशी घट्ट धरायची, श्वास रोखायचा, आणि बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद फोन हलवायचा नाही. तिपाई पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय नेता येत नाही, तेव्हा आपलं शरीर हीच तिपाई. या वेळात फोन एक नाही, भराभर अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांत मिसळून त्यांचा एक करतो. करंगळीएवढ्या धारेखाली एकामागून एक वाट्या धरायच्या आणि सगळ्या एका पातेल्यात ओतायच्या, तसंच हे. म्हणून नानांच्या बादलीत जे चार थेंब पडले, तिथे माझ्या फोनचं पातेलं भरलं. तिसऱ्या खेपेला चांगला आला.

आईंना दाखवला. त्यांनी चष्मा सारखा केला, फोटो पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं.

“छान आहे. पण तुझ्या फोनात उजेड जास्त आहे. इथे एवढा उजेड नाही.”

अगदी बरोबर! फोन उजेड वाढवतो, रंग खुलवतो. फोटोत जे दिसतं, तसं ते डोळ्यांना दिसलेलं नसतं. लेण्यातला काळोख खरा आला होता तो नानांच्या फोटोत. बेनॉय बहल या छायाचित्रकारानं १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत इथली चित्रं प्रखर दिवे न लावता, आहे त्या मंद उजेडात, फिल्मवर टिपली. त्यांचं पुस्तक मी वाचनालयात पाहिलं आहे. ज्याला यंत्र घाई करू देत नाही, त्याला थांबावं लागतं; आणि थांबलं की दिसतं.

मग आम्ही सतरा नंबर पाहिलं, सव्वीस नंबरमधली बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची भली मोठी आडवी मूर्ती पाहिली, सावलीत बसून दशम्या खाल्ल्या. परतताना एक काम राहिलं होतं. अल्बममध्ये दुसरा एक फोटो आहे. पायऱ्यांच्या वळणावर बावीस वर्षांच्या सासूबाई, दोन वेण्या पुढे घेतलेल्या, मागे ओळीनं लेण्यांची तोंडं. ऊन नेहमी पाठीशी घ्यायचं, हा जुन्या कॅमेऱ्यांचा पहिला नियम. तो नानांनी पाळला होता. म्हणून आईंच्या पायाशी एक सावली पडलेली आहे – डोकं, आणि कॅमेरा धरलेली दोन वर उचललेली कोपरं. त्या अख्ख्या सहलीत नाना एवढेच आलेले आहेत. आमच्या घरी त्यांचे धड फोटो दोनच, एक रेल्वेच्या ओळखपत्रावरचा आणि एक निवृत्तीच्या हाराचा. काढणारा माणूस फोटोत येत नाही हो!

ती जागा शोधून मी आईंना उभं केलं, ऊन पाठीशी येईपर्यंत थांबले, दहा फूट मागे सरले आणि बटण दाबलं. ‘टक्’. बस, एवढाच आवाज. पडद्यावर बघायला काही नाही. सई म्हणाली, “कसा आला?” आई म्हणाल्या, “आठ-पंधरा दिवसांनी कळेल.” तिला ते भारीच नवल वाटलं.

लाल खिडकीत बारा आकडा आला, तेव्हा आईंनी हात पुढे केला. “आण इकडे. तू उभी राहा.”

“तुम्ही काढणार?”

“का? एवढी वर्षं पिशवी मीच सांभाळली ना?”

सत्तरीच्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला म्हणाल्या, “आता अजिबात हलू नकोस. श्वास रोखून धर.”

रीळ धुवायला मुंबईला पाठवलं. बारातले नऊ आले. आईंनी काढलेला माझा फोटो आला आहे, फक्त कपाळावरच्या टिकलीपासून वरचा भाग नाही! आणि आईंच्या फोटोत त्यांच्या पायाशी सावली आहे. डोकं आणि दोन कोपरं. ती माझी.

आता थोडं कामाचं बोलते. आपल्याला वाटतं फोटो काढला की तो राहिला. तसं नाही. काढणं यंत्रानं सोपं केलं, ठेवणं मात्र अजून हातानंच करावं लागतं. पापड-कुरडयांसारखं, वेळच्या वेळी. मी आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तासभर बसते. फोनमधले नकोसे पुसते. उरलेल्यांची एक प्रत घरच्या संगणकात आणि एक छोट्या डिस्कवर घालून ती डिस्क माहेरी भावाकडे ठेवते. दर सहा महिन्यांनी अदलाबदल. आईंनी सांगितल्याप्रमाणे, अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे! शिवाय महिन्यातले बारा निवडून कागदावर छापून घेते. बाराच. निवडताना आपल्याला काय हवंसं वाटतं, ते आपोआप कळतं.

छापील फोटोंच्या मागे नाव, गाव, तारीख मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहावी. बॉलपेनाचा दाब पुढून उमटतो आणि शाई पसरते. १९८० च्या सुमाराचे ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा कागद असलेले अल्बम घरात असतील, तर त्यातले फोटो सुटताहेत का पाहा. तो गोंद आणि ते प्लॅस्टिक फोटो पिवळे पाडतात. ओढून काढू नका. सुटत नसेल तर आधी त्याचा फोनवर फोटो घेऊन ठेवा. जुना कॅमेरा पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवू नये, भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या वा पर्सच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवावा. आणि घरातला जो माणूस नेहमी फोटो काढतो, त्याच्या हातून कॅमेरा घेऊन महिन्यातून एकदा त्याचाही फोटो काढावा. वरचा भाग कापला गेला तरी चालेल.

अण्णांचे ते अठ्ठ्याण्णव फोटो काही परत येणार नाहीत. मावशीकडचे दोन मी छापून घेतले, एक भावाकडे दिला, एक माझ्याकडे. मागे पेन्सिलीनं लिहिलं – ‘दिवाळी २०१९. किल्ला. खोबऱ्याचे काप निवडून खात होते.’ फोटोत ते दिसत नाही, म्हणून लिहिलं.

आणि पद्मपाणीचा फोनमधला फोटो त्याच मापाचा चौकोनी छापून आणला. मला वाटलं होतं, आई काळा फोटो काढून तिथे हा लावतील. त्यांनी तो शेजारी लावला. लावण्याआधी उलटा करून, जाड काचांच्या चष्म्यातून वाकून, मागे लिहिलं – ‘जानेवारी २०२५. अजिंठा. लेणे नं. १. पद्मपाणी. पाहिला.’

काळा फोटो आहे तिथेच आहे. बारातला एक आहे ना तो!